आमची जमीन चार ठिकाणी का आहे?

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग महिनाभर पडद्याकडे बघायची बंदी होती. आता छान दिसतं आहे. इतकं छान की घरातली जळमटंसुद्धा दिसायला लागली आहेत! असो.

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. गावच्या जमिनीला गिऱ्हाईक आलं आहे. पण त्याला सगळी नको, फक्त नदीकडचा तुकडा हवा. तिथपर्यंत डांबरी रस्ता झाला आहे ना आता. बाकीचे तीन तुकडे अरुंद, लांबट पट्ट्यांसारखे, ते कोणी घेत नाही. आप्पांच्या माघारी सातबारावर माझंही नाव लागलेलं असल्यामुळे माझं हक्कसोड पत्र पाहिजे. इथवर सगळं सरळ होतं. पण बोलता बोलता तो म्हणाला, "आत्या, जुन्या लोकांना काही अक्कलच नव्हती बघा. एकूण जमीन साडेचार एकर, ती चार ठिकाणी! कोणी ठरवलं असं?"

मी म्हटलं, कळवते. आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, मोहेंजोदडोचं स्नानगृह फळ्यावर काढून दाखवलं, शेरशहाचे रस्ते पाठ करून घेतले. पण आपल्याच गावात हे कोणी ठरवलं ते एकाही वर्गाला सांगितलं नाही. सांगायचं कारणच नव्हतं, पुस्तकात नव्हतं. तर आता भाच्याला सांगते, आणि त्या निमित्ताने तुम्हालाही.

आमचं गाव पांझरेच्या काठी. ही नदी साक्री तालुक्यात पिंपळनेरच्या पलीकडे सह्याद्रीच्या डोंगरात उगम पावते, साक्री, धुळे असं करत पूर्वेला येते आणि शेवटी शिंदखेडा तालुक्यात मुडावदला तापीला मिळते. ज्यांनी खानदेश पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते की पाऊस पडतो डोंगरात आणि चांगली सपाट जमीन आहे खाली, जिथे पाऊस जेमतेम. डोंगरातलं पाणी नदीतून आपल्या डोळ्यांदेखत वाहून जातं आणि दोन्ही काठांवरची ज्वारी करपते. ज्याने पहिल्यांदा नदीच्या पात्रात दगड-चुन्याचा आडवा बांध घातला त्याला हे बघवलं नसणार.

असे बंधारे पांझरेवर एकामागून एक आहेत. तिची उपनदी कान, तिकडे बागलाणात मोसम आणि आरम, म्हणजे नामपूर-सटाण्याकडच्या नद्या, त्यांच्यावरही आहेत. बंधारा म्हणजे धरण नव्हे बरं का. धरण पाणी साठवतं. बंधारा फक्त पाण्याची पातळी थोडी उचलतो, म्हणजे ते काठावरच्या पाटात आपण होऊन शिरतं. बाकीचं बंधाऱ्यावरून उडी मारून पुढच्या गावाला जातं. पाटात जास्त पाणी आलं तर ते सांडव्यातून परत नदीत. शेतात मुरलेलं, पाझरलेलं पाणीही शेवटी नदीतच येतं आणि खालच्या बंधाऱ्याला मिळतं. वरच्या गावाचं उष्टं पाणी खालच्या गावाला, असं आजी म्हणायची, आणि त्यात तिला काही कमीपणा वाटत नसे.

हे बंधारे बांधले कोणी? गावात विचारलं तर कोणी पांडवांचं नाव घेतं, कोणी फारुकी बादशहाचं. फारुकी घराण्याने खानदेशावर साधारण १३८२ पासून १६०१ पर्यंत राज्य केलं, मग अकबराने असीरगड घेतला आणि ते संपलं. बंधाऱ्यांचं वय निदान तीन-चारशे वर्षं धरतात. पांडवांचं सोडून देऊ. पण मला बांधणाऱ्यापेक्षा चालवणाऱ्यांचं कौतुक जास्त वाटतं. बंधारा एकदा बांधून होतो, पाणी दरवर्षी वाटावं लागतं. आणि वाटपाची जी पद्धत आमच्या भागात होती तिचं नाव फड.

फड हा शब्द आपल्याला तमाशाचा माहीत आहे, कुस्तीचा माहीत आहे, पंढरपूरला वारकऱ्यांचे फड असतात, आणि ऊसतोडणीचा फड तर रोजच्या बातम्यांत असतो. सगळीकडे अर्थ एकच की माणसं एकत्र जमून काही करतात ती जागा. आमच्याकडे फड म्हणजे जमिनीचा मोठा सलग तुकडा, ज्यात कितीतरी घरांची शेतं असतात आणि त्या सगळ्या शेतांत त्या वर्षी एकच पीक असतं.

एका बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या सगळ्या जमिनीला थळ म्हणत. थळाचे फड पाडलेले, बहुतेक ठिकाणी चार. आमचे होते वरला, मधला, खालचा आणि नदीकडचा. पावसाळा सरता सरता पंच पारावर बसायचे. बंधाऱ्यावरून पाणी किती वाहतं आहे, विहिरींचा अंदाज काय, पाऊस कसा झाला, हे सगळं बघून ठरायचं की यंदा कुठल्या फडात ऊस, कुठल्या फडात गहू-हरभरा, कुठला नुसत्या पावसाच्या पिकावर आणि कुठला पडीत. पुढच्या वर्षी पाळी फिरायची. पाणी भरपूर असेल तर तीन फड भिजतील, कमी असेल तर दोन, दुष्काळ असेल तर एकच. पण जो फड भिजेल तो पूर्ण भिजेल आणि जो कोरडा राहील तो पूर्ण कोरडा.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येते. समजा माझी सगळी साडेचार एकर वरल्या फडात असती आणि यंदा वरला फड कोरडा राहायचा ठरला, तर माझी मुलं काय खाणार? आणि मग मी पंचांचा निर्णय ऐकणार का? रात्री उठून पाट फोडणार! म्हणून शक्यतो प्रत्येक घराची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात. कुठलाही फड भिजला तरी प्रत्येकाचं काहीतरी भिजणार आणि कुठलाही कोरडा राहिला तरी प्रत्येकाचं काहीतरी कोरडं राहणार. पंचांचंसुद्धा! निर्णय घेणाऱ्याची स्वतःची जमीन कोरड्या फडात आहे म्हटल्यावर निर्णयाबद्दल कोण कुरकुर करणार? साडेचार एकर चार ठिकाणी आहे ती याच्यासाठी. आणि तुकडे अरुंद-लांबट आहेत ते पाटाच्या लहान चाऱ्यांचं पाणी प्रत्येकाच्या शेताला लागावं म्हणून.

अक्कल नव्हती म्हणतोस, बाळा?

मी लहान असताना, म्हणजे १९५५-६० च्या सुमाराला, हे सगळं चालू होतं. माझे आजोबा, आबा, पंचांपैकी एक होते. पाणी देण्याचं काम पाटकऱ्याचं. शेतकऱ्याने आपल्या शेताला स्वतः पाणी द्यायचंच नाही, हा नियम मला तेव्हा गमतीचा वाटायचा, आता फार खोल वाटतो. पाटकरी फावडं घेऊन येणार, एकाचं बारं फोडणार, भिजलं की बंद करणार, दुसऱ्याचं फोडणार. ज्याच्या शेतात पाणी चाललं आहे तो मालक घरी झोपलेला असला तरी चालेल. पाटकऱ्याला सगळीच शेतं सारखी, कारण त्याला धान्य सगळ्या फडाकडून मिळायचं. पाटकऱ्यांवर हवालदार. पोलिसांतला नव्हे, फडाचा. आणि पिकाची राखण करायला जागल्या. एकाच पिकाचा मोठा सलग फड असल्यामुळे एका जागल्याला बरीच राखण करता यायची. प्रत्येकाने आपापल्या शेताला काट्यांचं कुंपण घालायची गरज नव्हती. या सगळ्यांचा पगार खळ्यावर, पेंढ्यांच्या आणि पायल्यांच्या हिशोबात.

पावसाळ्यानंतर पाटातला गाळ काढायचा दिवस असायचा. घरटी एक माणूस. त्या दिवशी आबांच्या हातातही टोपली असायची, आणि आम्ही मुलं चिखलातले मासे शोधायचो. सकाळी पहिल्यांदा पाट सुरू झाला की गल्लीत एकच आरोळी, "पानी उनं, पानी उनं!" अहिराणीत 'आलं' ला 'उनं' म्हणतात. ते ऐकून आजी हातातलं काम टाकून दारात यायची. पाणी शेतात आलेलं, घरात नव्हे. तरी यायची.

आता याचा स्वर्ग करू नये. मागच्या वेळी ताईंच्या मुलीने मला लिहिलं होतं की आत्या, तुम्ही जुन्या गोष्टी फार गोड करून सांगता. बरोबर आहे तिचं. म्हणून हेही सांगते. पारावर बाई कधी बसली नाही, कोणाच्या मनातही ते आलं नसेल. आणि आमचा जागल्या भिल्ल समाजातला होता. रात्रभर तो सगळ्या गावाचं पीक राखायचा. त्याची स्वतःची जमीन एका गुंठ्याचीही नव्हती. पंच पारावर बसायचे तेव्हा तो खाली उभा असायचा. पाणी वाटून घेणाऱ्यांत जमीनवाले सगळे होते. बिनजमिनीचा फक्त राखणारा. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली, तेव्हा त्यांनी पाणी जमिनीवर नव्हे तर माणशी वाटलं, भूमिहीनालाही पाण्याचा हक्क दिला आणि ऊस लावायचा नाही असं ठरवलं. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा आमचा जागल्या आठवला. फडाच्या पुढचं पाऊल आहे ते.

मधला इतिहास भराभर सांगते. पेशवाईच्या शेवटी खानदेशची फार दुर्दशा झाली. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजांची धूळधाण, पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ, मग पेंढारी. गावंच्या गावं उठली, अनेक बंधारे मोडून पडले. १८१८ मध्ये इंग्रज आले आणि कॅप्टन ब्रिग्ज साहेबाने धुळ्याला ठाणं केलं. पुढे बंधाऱ्यांची डागडुजी सरकारकडे आली. १८७९ मध्ये मुंबई इलाख्याचा पाटबंधारे कायदा झाला. नदीच्या पाण्यावर सरकारचा अधिकार आला. मात्र या जुन्या बंधाऱ्यांना नंतर 'दुसऱ्या वर्गाची कामं' असं नाव देऊन पाण्याचं आतलं वाटप बरंचसं गावाकडेच राहू दिलं. दुसऱ्या वर्गाची! इंग्रजांच्या नावं ठेवण्याबद्दल काय बोलावं. पण एक मानलं पाहिजे, जे चालत होतं ते त्यांनी मोडलं नाही. मोडलं आम्ही. त्याच्याकडे येतेच.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. कृष्णराजसागर, वृंदावन गार्डन, इंजिनिअर्स डे. पण त्यांच्या नोकरीची सुरुवात आमच्या खानदेशात झाली हे किती जणांना माहीत आहे? १८८४ मध्ये ते मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून लागले. पंचविशीही उलटली नव्हती. पहिल्याच कामांपैकी एक म्हणजे धुळ्याजवळ दातर्ती इथे पांझरेच्या एका पाटाचं पाणी नळातून ओढ्यापलीकडे न्यायचं. पावसाळा सुरू झाला, पुराने आणि वाळूने काम अडायला लागलं. त्यांनी वरच्या साहेबाला कळवलं की पाऊस संपेपर्यंत थांबावं. साहेबाला ते आवडलं नाही, नव्या माणसाने पहिल्याच कामात अशी कुरकुर करावी म्हणून कानउघाडणी झाली. मग या तरुणाने त्या पावसातच काम पुरं केलं. ही हकिकत त्यांनी स्वतःच आपल्या आठवणींत लिहिली आहे. मला यातलं साहेबाचं पत्र फार ओळखीचं वाटतं. शिक्षण खात्यातही अशी पत्रं येत!

पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नीरा आणि मुठा कालव्यांवर विश्वेश्वरय्यांनी 'ब्लॉक पद्धत' सुचवली. तोवर कालव्याचं पाणी ज्याने मागितलं त्याला, असा प्रकार होता. मधेच एखाद्याचा ऊस, आजूबाजूला कोरडं, पाणी वाटेतच मुरून जाई आणि उसाजवळची जमीन चिबड होई. त्यांनी सांगितलं की जमिनीचे ठरावीक गट करा, त्या गटांत पिकांची पाळी फिरू द्या, साधारण एक तृतीयांश ऊस, बाकी हंगामी पिकं, आणि पाण्याची हमी काही वर्षांची द्या. थोडं पाणी जास्त गावांना पुरेल. हे वाचताना मला तरी त्यात आमच्या फडाची सावली दिसते. ज्या तरुणाने पहिला पावसाळा पांझरेच्या पाटावर काढला त्याने काठावरच्या शेतांकडे मान वळवून बघितलंच नसेल, हे मला पटत नाही.

तर आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते.

१९६४ साली आमच्या आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नदीकडच्या तुकड्यात विहीर खणली. गावातली पाण्याची पहिली विहीर नव्हती ती, पण इंजिन बसवलेली पहिली. ऑइल इंजिन. त्याचा फटफट आवाज सगळ्या थळात ऐकू जायचा. विहिरीला पाणी उत्तम. का नसणार? एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला पाट. आमच्याकडचा काळा पाषाण वरच्या थरात भेगांचा, नदीचं आणि पाटाचं पाणी झिरपून थेट विहिरीत. आबा विहिरीच्या काठावर उभे राहून फक्त एवढंच म्हणाले, "पानी तेच शे, वाट दुसरी शे." मला तेव्हा ते कौतुकाचं वाक्य वाटलं होतं.

त्या वर्षी पाऊस बेताचा झाला. पंचांनी नदीकडच्या फडात एकच पावसाचं पीक घ्यायचं आणि पुढे तो मोकळा ठेवायचा असं ठरवलं. ठरवणाऱ्यांत आबाही होते. आणि आप्पांनी आपल्या तुकड्यात ऊस लावला.

पंच पारावर बसले. पण बोलणार काय? पंचांची सत्ता पाटाच्या पाण्यावर. जमिनीखालच्या पाण्याबद्दल फडाचा कुठलाच नियम नव्हता, कारण नियम झाले तेव्हा मोटेने जेवढं निघायचं तेवढंच निघायचं. इंजिन कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. आप्पा म्हणाले, विहीर माझी, जमीन माझी, इंजिन माझं, पाटाचं थेंबभर पाणी मी घेतलं नाही. कायद्याने ते शंभर टक्के बरोबर होतं. आबा त्या बैठकीत एक शब्द बोलले नाहीत.

फडातलं पीक निघालं की फड गुरांना मोकळा व्हायचा, ही रीत. त्याप्रमाणे गावाची गुरं फडात शिरली आणि मधोमध आमचा हिरवागार ऊस! एका दुपारी निम्मा ऊस गुरांनी खाल्ला. आप्पा संतापून जागल्याला बोलायला गेले. तो आप्पांशी बोललाच नाही. आबांकडे आला, अंगणात खाली बसला आणि म्हणाला, "हाई फडनं पीक नही, आबा." बस, एवढंच. फडाचं पीक राखायला त्याला फड धान्य देतो, हे पीक फडाचं नाही, त्याने का राखावं? आबांनी त्याला चहा द्यायला सांगितलं. कपात दिला की दाराबाहेर ठेवलेल्या वेगळ्या भांड्यात, ते मला आठवतं आहे, पण लिहवत नाही.

आप्पांनी शेताला काटेरी तार घातली आणि स्वतःचा राखणदार ठेवला. उरलेल्या उसाचा गूळ केला, त्याला भाव चांगला आला. दुसऱ्या वर्षी आणखी दोन इंजिनं आली, मग पाच. ज्याच्याकडे इंजिन आलं त्याला पाटाची पाळी नको झाली, आणि ज्याला पाळी नको त्याने गाळ काढायला माणूस का पाठवावा, पाटकऱ्याला पेंढ्या का द्याव्यात? कोणी भांडण केलं नाही, कोणी मोडतोड केली नाही. नुसते एकेक जण यायचे थांबले. आबांनी पंचांतून नाव काढून घेतलं. त्यानंतर गाळ काढायच्या दिवशी ते एकटेच टोपली घेऊन जायचे, आणि आप्पा त्या दिवशी मुद्दाम बाजाराला जायचे.

पुढे वर लाटीपाड्याचं धरण झालं, कानेवर मालनगावचं झालं. मोसमवर हरणबारी, आरमवर केळझर. नदीचा स्वभावच बदलला. आता बंधाऱ्यात पाणी आपण होऊन येत नाही, वरून सोडलं तर येतं. विजेच्या मोटारी आल्या, मग बोअर. त्यातच १९४७ च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्याची भाषा सगळीकडे झालेली. विखुरलेले तुकडे म्हणजे मागासलेपण, एकत्र करा, असं आम्ही बी.ए.ला अर्थशास्त्रात शिकलो आणि मी परीक्षेत मुद्देसूद लिहिलंही. आपल्याच घराच्या चार तुकड्यांविरुद्ध लिहून मार्क मिळवले, आणि हाताला काही जाणवलं नाही.

आणि बी.ए.चं म्हणाल तर ते झालं कसं? १९६६ ला मी धुळ्याला कॉलेजात गेले. आमच्या गावातून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. होस्टेल, फी, पुस्तकं, दोन बऱ्या साड्या. आप्पांनी एकदाही हात आखडला नाही. ते पैसे आले उसातून. नदीकडच्या तुकड्यातल्या, इंजिनाच्या पाण्यावरच्या उसातून. फडाच्या पाळीने चाललं असतं तर माझं लग्न सतराव्या वर्षी झालं असतं, यात मला शंका नाही. आईनेच मला ते एकदा सांगितलं. मी आप्पांना दोष द्यायला बसले की ही गोष्ट आडवी येते. मी आप्पांची बाजू घ्यायला बसले की आबांची टोपली आडवी येते. साठ वर्षं झाली, हे मिटलेलं नाही, आणि भाच्याने फोनवर पाच मिनिटांत मिटवून टाक म्हटलं!

२००५ मध्ये राज्य सरकारने शेतकऱ्यांनी सिंचन व्यवस्थापन करण्याचा कायदा केला. त्यात पाणी वापर संस्था, शेतकऱ्यांनी आपसांत पाणी वाटायचं, पाणी मोजून घ्यायचं, असं सगळं आहे. त्याच्याही आधी नाशिक जिल्ह्यात वाघाड धरणाच्या कालव्यावर, ओझरकडे, बापूसाहेब उपाध्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा संस्था उभ्या करून दाखवल्या होत्या. निवृत्तीनंतर मी तिथल्या एका शेतकऱ्याच्या तोंडून कामकाज ऐकलं. पाण्याचं वर्षाचं अंदाजपत्रक करतात, पाळी ठरवतात, पाणी सोडायला संस्थेचा माणूस असतो, मालकाने दारं उघडायची नाहीत. मी विचारलं, त्या माणसाला काय म्हणता? तो म्हणाला, "पाटकरी." मला तिथेच रडू आलं. त्या बिचाऱ्याला कळेना की या बाईंना झालं काय.

दिवाळीआधी गावाला जाऊन आले. भाचा गाडीने घेऊन गेला. बंधारा जागेवर आहे. चुना ठिकठिकाणी गेला आहे, सिमेंटची ठिगळं आहेत, पण दगड हललेला नाही. पाटाचा सुरुवातीचा भाग अजून वाहतो, वरल्या फडातली पाच-सहा घरं अजून पाळी लावतात. मधल्या फडाच्या पुढे पाटात बाभळी आणि प्लॅस्टिक. जागल्याचा नातू सुरतेला कापडाच्या गिरणीत आहे म्हणे, सणाला येतो. आपल्या विहिरीत डोकावलं, पाणी फार खाली आहे. इंजिनाचा चौथरा तेवढा शिल्लक आहे. भाच्याला चारही तुकडे पायी हिंडून दाखवले, तो बूट हातात घेऊन माझ्यामागे. खालच्या फडात आल्यावर म्हणाला, "आत्या, म्हणजे कुठलाही फड कोरडा राहिला तरी आपलं घर पूर्ण बुडालं नसतं." मी म्हटलं, हो. मग तो बराच वेळ काही बोलला नाही आणि मग म्हणाला, "पण आता फड नाहीत ना." तेही खरं.

हक्कसोड पत्राचे कागद माझ्या टेबलावर आहेत. मी त्याला सांगितलं आहे की संक्रांतीपर्यंत थांब. त्याला घाई आहे, गिऱ्हाईकाला त्याहून जास्त. सही करणार की नाही ते मलाच अजून ठरवता आलेलं नाही, तेव्हा फोन करून विचारू नये ही विनंती (हे नणंदेसाठी!).

एक काम मात्र तुम्हा सगळ्यांना. आपल्या गोतावळ्यात पांझरा, कान, मोसम, आरम या नद्यांच्या काठची बरीच घरं आहेत. जुन्या कागदांत, वाटणीपत्रांत फडांची नावं लिहिलेली असतात. आमच्या चारांची मला माहीत आहेत, शेजारच्या थळांची नाहीत. ज्यांच्या घरी असे कागद असतील त्यांनी नावं उतरवून मला पाठवावीत. घरात कोणी ऐंशी-नव्वदीचं असेल तर आधी त्यांना विचारा, कागद नंतर शोधला तरी चालेल.